मदत हवी आहे: छतावरचं पाणी बोअरमध्ये सोडताना फिल्टर तुंबतोय

लातूर, 16 फ्लॅटची सोसायटी. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून पुनर्भरण करायचं चाललंय, गेल्या पावसाळ्यात कसंबसं केलं.

छत साधारण 4000 स्क्वेअर फूट. म्हणजे 25 मिमी पाऊस झाला तरी नऊ हजार लिटरच्या आसपास पाणी. पन्हळीचे पाइप एकत्र करून खडी, वाळू, कोळशाच्या टाकीतून ते चालू बोअरमध्ये सोडलं. रिमझिम असेल तर ठीक. पण आपल्याकडे पाऊस येतो तो अर्ध्या तासात सगळा, आणि टाकी भरून पार्किंगमध्ये वाहते. वाळू दोनदा धुतली, वर जाळी बसवली, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला व्हॉल्व्हही आहे (तो वेळेवर उघडणारं कुणी नसतं, हा भाग वेगळा). तरी एकदा दोन दिवस गढूळ पाणी आलं आणि मंडळी बिथरली.

शोषखड्डा सुचवू नका. वर सहा-सात फूट काळी माती आहे, पाणी मुरतच नाही, आणि सेप्टिक टँक चालू बोअरपासून जेमतेम 15 फुटांवर आहे.

मागच्या बाजूला, टँकपासून लांब, एक कोरडा पडलेला बोअर आहे. चालू बोअरपासून 60 फूट. सगळं पाणी तिकडं वळवलं तर काळ्या पाषाणात चालू बोअरला त्याचा उपयोग होतो का? कुणी असं केलंय? आणि फिल्टरची टाकी किती मोठी ठेवली?