मांजरीला डायबेटीस निघालाय, वजन कसं उतरवू?

प्रश्न: आमची माऊ ७ किलोची झालीये, परवा डायबेटीस निघाला, दिवसातून दोनदा इन्सुलिन सुरू केलंय. खाणं एकदम निम्मं करू का? रिकामी वाटी चाटत माझ्याकडे बघत बसते, जीव तुटतो हो.

उत्तर: अजिबात नको! जाड मांजर दोन-तीन दिवस जरी उपाशी राहिली तरी लिव्हरमध्ये चरबी साठून जिवावर बेततं. आठवड्याला १ टक्का, म्हणजे ७० ग्रॅम उतरलं तरी खूप झालं. कोरडे दाणे हळूहळू कमी करून कमी कार्बचं ओलं खाणं द्या पण डॉक्टरांना विचारूनच, कारण खाणं बदललं की इन्सुलिनचा डोसही कमी करावा लागू शकतो.

उत्तर: आमच्या बोक्याची साखर अशीच खाली गेली, पाय लटपटायला लागले, हिरड्यांना मध चोळला आणि तसंच दवाखान्यात पळालो. जेवली नाही तर इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

प्रश्नकर्ती: बरं झालं विचारलं, आजच वजनकाटा काढते.