कॅन्सस सिटीहून एका दिवसात : ग्रामीण काउंट्यांतील जुन्या खुनांची कोणती जागा पाहावी?

माळरान :
मिडवेस्टच्या लहान काउंट्यांत (जिल्ह्यांत) घडलेल्या जुन्या खुनांविषयी बरेच वाचून झाले आहे. आता एखादी जागा प्रत्यक्ष पाहायची आहे. सकाळी निघून रात्री घरी परतायचे आहे आणि पेट्रोल, जेवण, तिकीट धरून शंभर डॉलरच्या वर जायचे नाही. भुताखेतांच्या सहली नकोत. गावाने आणि शेरीफने (काउंटीच्या पोलीसप्रमुखाने) त्या वेळी काय केले, हे जिथे समजेल अशी जागा सुचवावी.

निशिगंध :
आयोवातील व्हिलिस्काला पर्याय नाही. जून १९१२ मध्ये एका रात्रीत मूर कुटुंबातील सहा जण आणि मुक्कामाला आलेल्या दोन लहान बहिणी कुऱ्हाडीने मारल्या गेल्या. आम्ही ते अख्खे घर रात्रभरासाठी घेतले होते. पैसे बरेच पडले, पण आमच्या मंडळात असा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नाही.

ग्रंथप्रेमी :
मुक्काम त्यांच्या खर्चात बसत नाही. दिवसा जाऊन यावे. आरशांवर कपडे टाकलेले होते आणि कुऱ्हाडीजवळ डुकराच्या मांसाचा तुकडा पडला होता, पण बंदोबस्त लागण्यापूर्वीच गावकरी घरभर फिरून गेल्यामुळे पुरावा तुडवला गेला, हे तिथे नीट उमगते. खुनी मात्र या प्रकरणात खटला चाललेला पाद्री जॉर्ज केली हाच होता, असे माझे ठाम मत आहे.

वकीलसाहेब :
केलीने कबुलीजबाब मागे घेतला होता. १९१७ च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि दुसऱ्यात तो निर्दोष सुटला, तेव्हा त्याला खुनी म्हणणे अन्यायाचे आहे.

सरोज :
ओक्लाहोमातील ओसेज काउंटीत जावे. तेलाच्या उत्पन्नातील हिस्से वारशाने मिळवण्यासाठी तिथे १९२० च्या दशकात ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या माणसांना गोळ्या घालून, स्फोट घडवून मारले गेले. न्यायालयाने नेमलेले पालकच त्यांचा पैसा लुबाडत होते. कट रचणारा विल्यम हेल १९२९ मध्ये दोषी ठरला, तरी १९४७ मध्ये पॅरोलवर सुटला. पॉहस्का येथील ओसेज राष्ट्राचे संग्रहालय अवश्य पाहावे, कारण तिथे ही माणसे केवळ बळी म्हणून भेटत नाहीत.

प्रवासी_जोशी :
कॅन्ससमधील हॉलकम्ब पाहा. १९५९ मध्ये क्लटर कुटुंबातील चौघांची हत्या तिथे झाली. घर खासगी आहे. उद्यानातील स्मारक पाहता येते. रस्ता लांबचा असल्याने मुक्काम करावाच लागतो, आणि आम्हाला मिळालेले मोटेल अत्यंत घाणेरडे होते. कॅन्ससमधल्याच चेरीव्हेलला मात्र जाऊ नये, तिथल्या संग्रहालयात बेंडर या खुनी कुटुंबाचे तीन हातोडे सोडले तर त्या प्रकरणाचे फारसे काही नाही.

पुणेकर_ओमाहा :
व्हिलिस्काच. वर सांगितलेच आहे.

माळरान :
सर्वांचे आभार. मी चेरीव्हेलला जाणार आहे. बेंडर कुटुंब आपल्या खाणावळीत वाटसरूंना मारून बागेत पुरत असे. १८७३ मध्ये डॉक्टर यॉर्क बेपत्ता झाल्यावर शेजाऱ्यांनी शाळेत सभा भरवून प्रत्येक घराची झडती घ्यायचे ठरवले आणि त्यानंतर बेंडर पसार झाले. पोलीस दूर असताना शेजाऱ्यांनी हाती घेतलेला हा तपास मला समजून घ्यायचा आहे, आणि त्यासाठी ते तीन हातोडे मला पुरेसे आहेत. सरोजताई, पॉहस्काला मुक्कामाच्या तयारीने स्वतंत्रपणे जाईन.

निशिगंध :
व्हिलिस्का चेरीव्हेलपेक्षा जवळ आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.