दुचाकी, पायगाडी की सायकल?

नमस्कार मंडळी. परदेशातल्या एका संग्रहालयाच्या प्रदर्शन-पुस्तिकेचा मराठी पाठ सध्या फोंड्यात बसून तयार करतोय. विषय आहे आरंभीच्या सायकली. अडलंय ते मुखपृष्ठावरच. कच्च्या मांडणीत 'आरंभीच्या दुचाकी' अशी जाड अक्षरं बसवली आहेत. शब्दाला शब्द लावला तर चूक काहीच नाही, 'बायसिकल'मधला 'बाय' म्हणजे दोन आणि 'सायकल' म्हणजे चाक. पण आज गोव्यात 'दुचाकी' वाचलं की डोळ्यांपुढे स्कूटर येते, नाहीतर पायलटाची, म्हणजे भाड्यानं माणसं नेणाऱ्याची, पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल. सकाळी पोंय-पोंय करत पाव विकायला येणारा पदेर दुचाकीवरून आला, असं म्हणणारं कुणी मला अजून भेटलेलं नाही. तो सायकलीवरूनच येतो.

माझा कल 'पायगाडी'कडे आहे. जुन्या मराठीत सायकलीला हा शब्द होताच. शिवाय प्रदर्शनातली पहिली वस्तू बघा. कार्ल फॉन ड्राइस यांनी १८१७ साली जर्मनीतल्या मानहाइममध्ये चालवून दाखवलेलं ते लाकडी यंत्र. त्याला ना पायडल ना साखळी. मधल्या दांडीवर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमीन मागे रेटत पळायचं. पुढे १८६०च्या दशकात पॅरिसला पुढच्या चाकाला पायडल लागलं. त्या गाडीचं नाव वेलोसिपीड, लॅटिनवरून घडवलेलं, अर्थ 'वेगवान पाय'. ज्यांच्या घरी पोर्तुगीज बोलली जायची त्यांना त्यातले 'वेलोझ' आणि 'पे' लगेच ओळखू येतील. तो 'पे' आणि आपला 'पाय' मुळात एकच. मग पायगाडी का नको?

मडगावहून:
पायगाडी शब्द गोड आहे, पण सबंध पुस्तिकेवर तो लादू नका. शेवटच्या दालनात १८८५ची रोव्हर असणार. दोन्ही चाकं जवळपास सारखी, साखळीनं फिरणारं मागचं चाक, म्हणजे पदेराची सायकलच ती! तिला पायगाडी म्हटलं तर वाचक चित्र सोडून शब्दाकडेच बघत बसेल. आणि 'सायकल' परका म्हणून बाजूला सारायचंही कारण नाही. ग्रीक 'कुक्लोस' आणि संस्कृत 'चक्र' एकाच मुळातून फुटलेले, त्यामुळे सायकल आणि चाक ही चुलत भावंडं ठरतात. आपण 'बाय' गाळला आणि नेमकं चाक तेवढं ठेवलं, हे मला फार आवडतं.

पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत आणि मागचं एवढंसं, त्या गाडीबद्दलही सांगतो. पेनी-फार्दिंग हे नाव तिला उशिरा, तिचे दिवस सरताना पडलं. पेनी म्हणजे मोठं नाणं आणि फार्दिंग म्हणजे त्याच्या पाव किमतीचं लहान नाणं. ती इंग्लंडच्या रस्त्यांवर जोरात होती तेव्हा नुसतं 'बायसिकल' म्हटलं की तीच समजत. चित्राखालच्या मजकुरात हे यायलाच हवं.

डिचोलीहून:
मी छापखान्यात खिळ्यांची, म्हणजे धातूच्या अक्षरांची, जुळणी केलेला माणूस, म्हणून शब्दाआधी मला त्याची उंची दिसते. 'फार्दिंग' लिहून बघा. 'र्दिं'मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिघेही शिरोरेषेच्या वर एकाच जागी गर्दी करतात. त्याच्या वरच्या ओळीत 'बाजूंना' आला की 'जू'चा ऊकार खाली लोंबून थेट त्या रफारात घुसतो. इंग्रजी मजकुराच्या ओळींचं अंतर मराठीला जसंच्या तसं लावलं की हे असंच होणार. ओळी मोकळ्या करा, आणि जागा पुरली नाही तर अक्षर लहान न करता शब्द कमी करा. समासाला मात्र हात लावू नका. एवढ्या मोठ्या चाकाला भोवती कोरा कागद लागतोच.

मुखपृष्ठाच्या अक्षरांबद्दलही एक सुचवतो. बिनटोकाचं, म्हणजे रेघांच्या शेवटी बारीक टोकं नसलेलं (सॅन्स सेरिफ) रोमन अक्षर छापील नमुन्यात पहिल्यांदा १८१६ साली लंडनला, खिळे ओतणारे विल्यम कॅस्लन चौथे यांच्याकडून आलं, म्हणजे ड्राइस यांच्या यंत्राच्या आदल्या वर्षी. इंग्रजी आवृत्तीला ते शोभेल. मराठीला मात्र त्याची नक्कल नको. पॅरिसमध्ये वेलोसिपीडचं वेड होतं त्याच सुमाराला, १८६९ साली, मुंबईत जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना उभा राहिला. त्या खिळ्यांचं भरदार वळण घ्या. काळही जुळतो आणि अक्षरही आपलं राहतं.

फोंड्याहून पुन्हा:
दोघांचंही पटलं. मुखपृष्ठावर 'आरंभीच्या सायकली'. 'पायगाडी' फक्त पहिल्या दालनाच्या शीर्षकात, तिथे ती अगदी चपखल बसते. 'दुचाकी' कुठेच नाही. पेनी-फार्दिंगच्या पानावर ओळी मोकळ्या केल्या आणि रफार सुटला.

आता एकच शब्द उरलाय. लाकडी चाकांना लोखंडी धावा, म्हणजे भोवती बसवलेल्या पट्ट्या, असल्यामुळे वेलोसिपीडला इंग्लंडात 'बोनशेकर' म्हणत. मी चित्राखाली 'हाडं खिळखिळी करणारी' असं लिहिलंय. अर्थ नेमका आहे, पण नाव म्हणून ते लांबतं. बैलगाडीच्या धावेचे दणके खाल्लेल्या कुणाच्या घरात अशा गाडीला एका शब्दाचं नाव असेल तर जरूर कळवा, छपाईला अजून अवकाश आहे.