अनुभव धागा: नवं युनिक्स टाकलं आणि पहिलंच साधन कोसळलं

मंडळी, गेल्या आठवड्यात जुन्या डेस्कटॉपवर फ्रीबीएसडी (युनिक्सच्या घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. इन्स्टॉलरने एका शब्दाची कुरकुर केली नाही. लॉगिन केलं, जुन्या बॅकअपमधली होम डिरेक्टरी परत आणली, हौसेने 'टॉप' (चालू प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, दाखवणारं साधन) चालवलं आणि उत्तर आलं: सेगमेंटेशन फॉल्ट, कोअर डम्प्ड (म्हणजे प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला म्हणून तो बंद पाडला, आणि त्या क्षणीची त्याची मेमरी कोअर फाईलमध्ये उतरवली). पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. 'पीएस' (प्रोसेसची यादी) चालतंय, 'डीएफ' (डिस्कवरची जागा) चालतंय, टॉप मात्र दारातच आडवं.

इन्स्टॉल बिघडलं असणार म्हणून इन्स्टॉलच्या इमेज फाईलचा चेकसम (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा आकडा) तपासला, तो बरोबर. लॉग उघडला तर एकच ओळ, टॉप सिग्नल ११ ने गेलं (सिग्नल म्हणजे कर्नलने, सिस्टीमच्या गाभ्याने, प्रोसेसला दिलेला इशारा; ११ म्हणजे वरचाच सेगमेंटेशन फॉल्ट). तीन तास असे गेल्यावर सहज रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून लॉगिन केलं आणि टॉप बिनबोभाट चाललं! म्हणजे फाईल ठीक, कर्नल ठीक, फक्त माझ्या खात्यात काहीतरी खोट. 'एन्व्ह -आय' ने सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (खात्यातून प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंग) बाजूला ठेवून माझ्याच खात्यातून चालवलं, तरी चाललं. मग 'एलडीडी' (प्रोग्राम कोणती लायब्ररी, म्हणजे सामायिक कोड, कुठून घेतो ते दाखवणारं साधन) लावलं आणि चोर सापडला. एनकर्सेस (टर्मिनलचा पडदा रंगवणारी) लायब्ररी सिस्टीमच्या जागेवरून न येता माझ्या होममधल्या 'लिब' फोल्डरातून येत होती. कधीकाळी कुठल्याशा प्रयोगासाठी प्रोफाईल फाईलमध्ये एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारं व्हेरिएबल) लिहून ठेवला होता. बॅकअपबरोबर ती ओळही आली आणि जुनी लायब्ररीही. नाव तेच, आतला मसाला वेगळा. ओळ उडवली, काम झालं.

तुमचंही असं काही झालं असेल तर सांगा. काय पडलं, आणि दोष निघाला कुठे?

रात्रपाळी

जुनी गोष्ट, फ्रीबीएसडी चारवरून पाचवर जाण्याच्या दिवसांतली. पाचची पहिली आवृत्ती २००३ च्या जानेवारीत आली होती. तेव्हा सोर्सवरून बांधायचो. कर्नल बांधलं, बसवलं, रीबूट केलं, मशीन उठलं. त्या आनंदात पुढची पायरी, म्हणजे युजरलँड (कर्नलबाहेरची साधनं आणि लायब्ररी) बसवणं, राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी पीएस म्हणतंय 'प्रोक साईझ मिसमॅच'. टॉपचंही तेच रडगाणं. बाकी बरंचसं सुरळीत, त्यामुळे शंका येईना.

कारण साधं होतं. या दोघांना प्रोसेसची माहिती कर्नलकडून एका ठरावीक साच्यात मिळते. नव्या कर्नलने साचा बदलला होता, माझी जुनी साधनं जुनं माप घेऊन बसली होती. माप जुळेना म्हणून त्यांनी हात वर केले. हे तरी सभ्य मरण. माप न तपासता वाचत बसली असती तर आकडे चुकीचे दाखवले असते आणि मी ते खरे मानले असते.

फांदीतोड्या

माझं नेमकं उलट. ११ वर होतो, एका प्रोग्रामची नवी आवृत्ती हवी होती आणि ती १२ च्या पॅकेजांत होती. एबीआयची (कोणत्या आवृत्तीची पॅकेजं घ्यायची ते ठरवणारी) सेटिंग हाताने बदलली आणि १२ ची पॅकेजं ओढायला लावली. इशारा आला होता, मी 'हो' म्हटलं. पीकेजीची (फ्रीबीएसडीचं पॅकेजं बसवणारं साधन) रीत अशी की ते आधी स्वतःला अपग्रेड करतं. केलं. पुढच्या कमांडला: बॅड सिस्टीम कॉल (सिस्टीम कॉल म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेलं काम), कोअर डम्प्ड. पॅकेज दुरुस्त करायचं साधनच गेलं.

डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या १२ मध्ये आयनोड क्रमांक (फाईल सिस्टीममध्ये फाईल ओळखायचे आकडे) ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेले आणि त्यासाठी नवे सिस्टीम कॉल आले. नव्या पीकेजीने ते हाक मारून मागितले, माझ्या ११ च्या कर्नलला ते ठाऊकच नव्हते. कर्नल अशा वेळी सिग्नल १२ देऊन प्रोसेस संपवतं. सिग्नल ११ दिसला की मेमरीतली गडबड, पण १२ दिसला की (निदान फ्रीबीएसडीवर) बायनरी (तयार प्रोग्रामची फाईल) आणि कर्नल यांचं गोत्र जुळतं का ते बघा. नुसता आकडा वाचला असता तर अर्धा दिवस वाचला असता.

पीकेजी-स्टॅटिक वापरून पाहिलं, तेही पडलं. स्टॅटिक म्हणजे लायब्ररी पोटात घेतलेलं, पण पोटातली लायब्ररीही १२ चीच ना. शेवटी एबीआय मूळपदावर आणला आणि मूळ सिस्टीमसोबत येणाऱ्या, यूएसआर-एसबिनमधल्या छोट्या पीकेजीला 'बूटस्ट्रॅप -एफ' सांगितलं. त्याने ११ चं पीकेजी नव्याने आणून बसवलं.

आळशी_रूट

वरच्यांना पूरक: मला मात्र पीकेजी-स्टॅटिकनेच तारलं. १३ वरून १४ ला गेलो, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आलं, जुन्या लायब्ररी साफ केल्या आणि पीकेजी म्हणू लागलं की एसएसएलची लायब्ररी सापडत नाही. तिथे कर्नल नवं, पॅकेज जुनं, गाडी फक्त लायब्ररीवर अडलेली. स्टॅटिकने पीकेजी पुन्हा बसवलं, पाच मिनिटांत मोकळा.

दुसरा_डबा

इल्लीगल इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला न समजणारी सूचना) कोणी पाहिलंय का? नव्या मशीनवर सगळं सोर्सवरून बांधलं होतं, त्याच प्रोसेसरसाठी खास 'नेटिव्ह' पर्याय लावून. पुढे तीच डिस्क काढून जुन्या मशीनला जोडली. बूट झालं, लॉगिनही झालं. 'एलएस' (फाईलींची यादी) चाले, 'सॉर्ट' (ओळी क्रमाने लावणारं) पडे. त्यातही गंमत अशी की लहान फाईलवर सॉर्ट चाले, मोठीवर पडे. कंपायलरने मोठ्या कामासाठी वेगळी वाट लिहिली होती आणि त्या वाटेवरची सूचना जुन्या प्रोसेसरला येतच नव्हती. शेलने (कमांड घेणाऱ्या प्रोग्रामने) एक्झिट कोड १३२ दिला. १२८ वजा केले की उरतो सिग्नल ४, म्हणजे हीच तक्रार. साध्या पर्यायांनी सगळं पुन्हा बांधायला अख्खी रात्र गेली.

एकच_पट्टी

रॅम. दर वेळी वेगळा प्रोग्राम पडायचा, कंपाईल दर वेळी वेगळ्या फाईलवर थांबायचं. बग असता तर त्याच जागी थांबला असता. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारं साधन) रात्रभर लावून ठेवलं, सकाळी पडदा लालेलाल. एक पट्टी काढली.

झटपट

एवढा काथ्याकूट कशाला? मी सरळ पुन्हा इन्स्टॉल करतो. वीस मिनिटांचं काम.

धागाकर्ता

@झटपट, मीही एकदा केलं ना! मग तोच बॅकअप पुन्हा होममध्ये ओतला आणि टॉप पुन्हा पडलं. हे वर लिहायला लाज वाटली म्हणून गाळलं होतं.

मोजणीदार

सगळे सांगताहेत की पडणारं साधन निर्दोष होतं, तर माझं उलट उदाहरण. डिस्कवरची जागा मोजणारं सी-तलं एक छोटं साधन मीच लिहिलेलं, लिनक्सवर चार वर्षं सुखाने चाललेलं. ओपनबीएसडी (फ्रीबीएसडीची भावंड सिस्टीम) टाकून तिथे कंपाईल केलं, पहिल्या फेरीतच सेगफॉल्ट. मी आधी ओपनबीएसडीलाच नावं ठेवली. मग कोअर फाईल जीडीबीत (डिबगरमध्ये) उघडली, 'बीटी' (बॅकट्रेस, म्हणजे प्रोग्राम कुठून कुठे आला त्याची यादी) दिलं, आणि पॉइंटरच्या जागी दिसलं: डीएफ डीएफ डीएफ डीएफ (हा हेक्समधला आकडा, वरची 'डीएफ' कमांड नव्हे).

ओपनबीएसडीचं मॅलॉक (प्रोग्रामला मेमरी वाटणारा कोड) मोकळ्या केलेल्या मेमरीत मुद्दाम हा कचरा भरतं. म्हणजे मी यादीतला एक घटक फ्री करून लगेच त्याच्याच 'नेक्स्ट'ला हात घालत होतो. लिनक्सवर तिथला जुना पत्ता तसाच शिल्लक असायचा, म्हणून निभावून जायचं. दुरुस्ती एका ओळीची: आधी पुढचा पत्ता बाजूला लिहून ठेवा, मग फ्री करा. चार वर्षं मी ते आकडे लोकांना खात्रीने सांगत होतो, त्याचं काय करायचं ते मात्र सुचलेलं नाही.

शिल्लक_कोअर

माझं अजून सुटलेलं नाही. इन्स्टॉलनंतरच्या पहिल्या बूटला क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) एकदाच सिग्नल ११ ने पडला. त्यानंतर आठ महिने एकदाही नाही. मेमटेस्ट स्वच्छ, लायब्ररी जागच्या जागी. कोअर फाईल उघडली तर बायनरीतली चिन्हं (फंक्शनांची नावं) काढून टाकलेली, बॅकट्रेसमध्ये नुसती प्रश्नचिन्हांची रांग. डिबग चिन्हांचा संच नंतर आणला, पण तोवर सिस्टीम पॅच केली होती आणि बायनरी बदलली होती, त्यामुळे तो जुळेना. फाईल अजून ठेवली आहे. कोणाला बघायची असेल तर सांगा.