घडाघडा वाचतो, पण अर्थ?

'मुलगा धडा घडाघडा वाचतो, म्हणजे वाचन आलं,' असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, थोडं थांबा. काही स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांना अक्षरं फार लवकर येतात, अर्थ मात्र मागे राहतो. याला हायपरलेक्सिया म्हणतात. गोव्यात, फोंड्याला माझ्याकडे शिकायला असाच एक मुलगा होता. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसवरची पाटी लांबून वाचायचा, पण 'आईने बांगडे धुतले' हे वाचून झाल्यावर 'कोणी धुतले?' विचारलं की गप्प.

मग मी पुस्तक मिटलं. कागदाच्या पट्टीवर एकच वाक्य: 'लाल वाटी टेबलावर ठेव.' वाचायचं आणि तसं करायचं. पहिले कितीतरी दिवस तो पट्टीच कुरवाळत बसायचा. एकदा वाटी उचलून नेमकी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, तो दिवस मी विसरणार नाही.

घरी कोंकणी असेल तर पट्टीवर खुशाल 'नुस्तें' (मासे) लिहा, कोंकणीही देवनागरीत लिहिता येते.

लिहिण्यासाठी पेन्सिलीचा हट्ट नको; अक्षरांचे ठोकळे किंवा टायपिंगही चालतं. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याची तरतूद 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. शाळेकडे लेखी अर्ज करा.