मस्टँगच्या मूळ इंजिनावर सुपरचार्जर टिकेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझ्याकडे जुनी घेतलेली फोर्ड मस्टँग जीटी, 5.0 लिटर व्ही8, आहे आणि आतले पिस्टन व कनेक्टिंग रॉड न बदलता तिला कमी दाबाचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंप) बसवण्याचा विचार आहे. मात्र या इंजिनाचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) आधीच 11:1 असून आमच्या वणीकडे (यवतमाळ जिल्ह्यातला कोळसा खाणींचा भाग) मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, कोळशाची काळी भुकटी एअर फिल्टरवर थर धरते आणि जवळच्या पंपावर साधेच पेट्रोल मिळते, त्यामुळे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून बसणारे धक्के) होऊन पिस्टनच्या रिंगांमधला काठ तुटण्याची भीती मला सर्वाधिक वाटते. दर वेळी नागपूरहून चांगले पेट्रोल आणणे काही खरे नाही! मोठा इंटरकूलर (दाबलेली गरम हवा थंड करणारा भाग) लावून आणि इग्निशन टायमिंग मागे ठेवून (म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडून) असे इंजिन अनेक वर्षे चालवलेल्यांनी कृपया सांगावे, की हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेड यांमधले सील), गिअरबॉक्स आणि ऑइल पंपाचे गिअर यांपैकी आधी काय गेले, आणि उन्हाळ्यासाठी ट्यूनिंग वेगळे करून घ्यावे काय?