डोलोमाइट्सचा उन्हाळा आणि डोंगराच्या पोटातलं युद्ध: तुमचे अनुभव

रानवाटा
काल माळा आवरताना बाबांचा हेडटॉर्च सापडला. आत सेल फुटून हिरवे पडलेले. हातात घेतला आणि इटलीतल्या लागाझुओई डोंगराचा बोगदा डोळ्यांसमोर आला, म्हणून हा धागा.

२०१८च्या जुलैत आम्ही उत्तर इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगररांगेत, कोर्टिना गावी पाच दिवस होतो. फाल्झारेगो खिंडीतून (२१०५ मी.) केबल कारने थेट २७५२ मीटरवर. वर लख्ख ऊन, गच्चीत कॉफी पीत बसलेली माणसं. उतरताना मात्र बोगद्यातून आलो. पहिल्या महायुद्धात वर ऑस्ट्रियन आणि खाली कड्याच्या अरुंद पट्टीवर इटालियन. समोरासमोर कुणालाच हटवता येईना, मग दोघांनी डोंगरच पोखरायला घेतला. इटालियनांनी किलोमीटरभर बोगदा खणला आणि २० जून १९१७ला सुमारे ३३ टन स्फोटकांचा सुरुंग उडवला. त्याच बोगद्यातून आज आपण उतरतो. ओल्या, उंचसखल पायऱ्या, हाताला तारेचा दोर.

बाबा लष्करात सॅपर होते, म्हणजे सुरुंग-खोदकाम करणाऱ्या तुकडीत. घरी त्याबद्दल चकार शब्द नसायचा. तिथे एका झरोक्यापाशी (आपल्या गडावरच्या जंग्या आठवा) थांबले, भिंतीवर बोटं फिरवली आणि म्हणाले, "हे ड्रिलचं भोक. आता सांग, एवढा दगड फोडून टाकला कुठे असेल?" पुढचा तासभर बोलतच होते. भोक किती खोल घ्यायचं, बार उडाल्यावर धूर बसेपर्यंत का थांबायचं, कोण कुठे उभं राहतं. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते, आणि हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होते.

गेल्या वर्षी बाबा गेले. तुमच्यापैकी कोणकोण गेलंय तिकडे? लिहा ना.

कातळवेडा
ताई, वाचून गलबललं. बाबांना नमस्कार.

मनू_की_आई
आम्ही चिंक्वे तोर्री, म्हणजे तिथले पाच सुळके! खुर्चीच्या लिफ्टने वर. खंदक नीट डागडुजी करून ठेवलेत, पोरं तासभर त्यात लपाछपी खेळली. मग थोरल्याने विचारलं, "आई, ते लोक थंडीतपण इथेच राहायचे?" हो म्हटलं. तो गप्प झाला आणि स्वतःहून जॅकेटची चेन लावून घेतली. बाकी नंतर लिहिते, कुकर झालाय.

सदू_पुणेकर
पाच सुळक्यांच्या शेजारचा एक लहान सुळका २००४ मध्ये कोसळला ना? आम्हाला ते धोंडे दाखवले होते.

आल्प्सवासी
मी डोलोमाइट्समधल्याच मार्मोलादा डोंगराबद्दल सांगतो. ऑस्ट्रियन सैनिकांनी तिथल्या हिमनदीच्या आत बोगदे खणून बर्फात अख्खी वसाहत केली होती. झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, सगळं. बर्फ सरकतो, त्यामुळे आता त्यातलं काही उरलं नाही. पण हिमनदी वितळते तशा वस्तू वर येत राहतात. १३ डिसेंबर १९१६ला ग्रान पोझच्या छावणीवर हिमकडा कोसळला, अडीचशेहून जास्त सैनिक एका पहाटेत गेले. गोळी एकही सुटली नाही. आणि जुलै २०२२मध्ये त्याच डोंगरावर बर्फाचा कडा तुटून ११ गिर्यारोहक गेले. तो आठवडा मी घरात नुसता बातम्या बघत बसलो होतो.

लोणावळा_लोकल
शाकाहारी माणसाचं काय होतं तिकडे? सासूबाई कांदासुद्धा खात नाहीत.

मनू_की_आई
कासुन्झिएई मागा! बीटाचं सारण भरलेल्या छोट्या करंज्याच, वर लोणी आणि खसखस. कांद्याचं मात्र विचारून घ्या.

गडकोट
त्रे चिमेला (तिथल्या तीन सुळक्यांना) गेलात तर शेजारचा पाटर्नकोफेल डोंगर बघाच. झेप्प इन्नरकोफ्लर तिथला नावाजलेला वाटाड्या, त्याच डोंगरांवर पाहुणे नेऊन पोट भरायचा. ४ जुलै १९१५ला ऑस्ट्रियाच्या बाजूने ते शिखर परत घ्यायला चढला आणि तिथेच मारला गेला. इटालियनांनी, म्हणजे शत्रूनेच, त्याला शिखरावर पुरलं. ज्याने सगळ्यांना वाट दाखवली त्याचा शेवट असा व्हावा, हे मला अजून सोसत नाही.

माणगावकर
थोडं अवांतर. इटलीत गेलेल्या मराठी माणसाने मोन्तोने गावालाही जावं. डोलोमाइट्सपासून लांब आहे, युद्धही वेगळं, दुसरं महायुद्ध. पण आमच्या माणगाव तालुक्यातले नाईक (हा लष्करातला हुद्दा) यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिकडच्या टायबर खोऱ्यात पडले. वय २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. २०२३ला तिथे त्यांचं स्मारक झालं, सूर्यघड्याळाच्या रूपात. माणगावला पुतळा आहे, लहानपणापासून बघतोय. रानवाटा ताई, तुमचे बाबा कुठल्या भागातले?

रानवाटा
आम्ही साताऱ्याकडचे, दादा. मोन्तोने आता यादीत.

लोणावळा_लोकल
बोगद्यातून उतरताना गुडघे टिकतात का?

रानवाटा
बाबा पासष्टीचे होते, काठी घेऊन हळूहळू उतरले. सासूबाईंना केबल कारनेच खाली पाठवा. तुम्ही मात्र हेल्मेट आणि टॉर्च न्याच.

कातळवेडा
ताई, तो हेडटॉर्च टाकू नका हं. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन आतले पत्रे पुसा, नीट वाळू द्या, मग नवे सेल घाला.

रानवाटा
लागला! उजेड जरा पिवळट आहे. आईला दाखवून येते.